डोंगराची तालीम घरात : यंत्र कोणते घ्यावे?

"सर, घरी व्यायामाचे एक यंत्र घ्यायचे आहे. कोणते घेऊ?" नववीतल्या एका विद्यार्थिनीने मला प्रयोगशाळेच्या दारातच गाठून हा प्रश्न विचारला. शाळेची सहल डिसेंबरात कळसूबाईला जायची होती. तिचे घर पाचव्या मजल्यावर. जवळ मैदान नाही, आणि संध्याकाळी रस्त्यावर वाहनांची ही गर्दी. वडील बोनसच्या पैशातून यंत्र घ्यायला तयार झाले होते. दुकानदाराने चार यंत्रे दाखवली होती आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती चारही 'डोंगरासाठी उत्तम' होती!

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी मीही अशीच तयारी केली होती. दोन महिने रोज सकाळी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारल्या. दम चांगला वाढला. कळसूबाई चढताना मी पुढच्या तुकडीत होतो आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता. पण उतरताना पहिली लोखंडी शिडी संपते न संपते तोच मांड्या लटलट कापू लागल्या. धाप मुळीच नव्हती, छाती शांत होती, तरी पाय ऐकत नव्हते. पुढचे दोन दिवस मी शाळेचा जिना कठडा धरून उलट्या पावलांनी उतरलो. विद्यार्थ्यांची करमणूक झाली. मला मात्र एक धडा मिळाला. माझी तालीम कोठे तरी चुकली होती. कोठे, ते आता पाहू या.

विद्यार्थीमित्रांनो, यंत्राचा विचार करण्यापूर्वी डोंगर आपल्याकडून काय मागतो याचा हिशेब मांडला पाहिजे. कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. पण आपण समुद्रापासून चढायला लागत नाही, बारी गावातून लागतो. हिशेबासाठी प्रत्यक्ष चढण ८०० मीटर धरू. समजा तुमचे वजन ५० किलो आणि पाठीवरच्या पिशवीचे ५ किलो. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य. ५५ गुणिले ९.८ गुणिले ८०० म्हणजे ४,३१,२०० ज्यूल, अर्थात सुमारे ४३१ किलोज्यूल. आहाराच्या भाषेत हे सुमारे १०३ किलोकॅलरी होतात. एका पोळीत साधारण एवढीच ऊर्जा असते.

एका पोळीवर कळसूबाई! ऐकायला छान वाटते, पण आपले स्नायू इतके काटकसरी नाहीत. चढ चढताना ते अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा उपयुक्त कार्यात उतरवतात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे निदान चार पोळ्या तरी खर्ची पडणार. हे काम तुम्ही तीन तासांत केले तर तुमची शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, सरासरी ४० वॅट भरते. जुन्या काळच्या एका मंद पिवळ्या दिव्याएवढी. आकडा लहान दिसतो, पण तो सलग तीन तास पेलायचा असतो. त्यासाठी हृदयाने रक्ताचा आणि फुप्फुसांनी प्राणवायूचा पुरवठा अखंड चालू ठेवला पाहिजे. पहिली मागणी ही झाली : आपलेच वजन, हळूहळू, पुष्कळ वेळ वर उचलणे.

आता दुकानातली यंत्रे या हिशेबाला लावून बघू.

सायकल घ्या. यंत्राच्या सायकलवर तुमचे वजन बैठकीवर असते, ते तुम्हाला उचलावे लागत नाही. पाय फक्त चाकावरच्या अडथळ्याला ढकलतात. हृदयाला आणि मांड्यांना व्यायाम होतो यात शंका नाही. गुडघ्यांवर आदळआपट होत नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्या मोठ्या माणसांना ती फार सोयीची. पण एक गंमत लक्षात ठेवा. काही मुले घरातली साधी सायकल स्टँडवर लावून मागचे चाक गरागरा फिरवतात आणि 'अर्धा तास सायकल मारली' असे सांगतात. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वेग कितीही वाढवला, पण चाकाला अडथळाच नसेल तर पायाने लावलेले बल नगण्य, आणि म्हणून शक्तीही नगण्य! व्यायामाच्या सायकलीचे सारे मर्म तिच्या ब्रेकमध्ये असते, चाकात नव्हे.

दोरीच्या उड्यांनी माझे काय झाले ते सांगितलेच. उडी मारताना आपण जेमतेम काही सेंटिमीटर वर जातो आणि गुडघा फारसा वाकत नाही. सगळा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड कंडरेवर. ही कंडरा स्प्रिंगसारखी ताणते आणि घेतलेल्या ऊर्जेचा मोठा भाग पुढच्या उडीला परत करते. हृदयाला तालीम उत्तम मिळते. पण डोंगरावर सर्वांत जास्त राबणारा मांडीचा पुढचा मोठा स्नायू जवळजवळ सुट्टीवरच असतो.

वल्ही मारण्याचे यंत्र, किंवा ज्यावर पावले पट्ट्यांवरून न उचलता लंबवर्तुळात फिरवायची ते यंत्र, यांचेही थोडेफार असेच. दम वाढेल, वजन मात्र उचलले जाणार नाही. दोन तेलाच्या नळकांड्यांवर पावट्या खालीवर होणारे छोटे 'स्टेपर' स्वस्त मिळते. त्यावर नीट उभे राहून पाहा : पावटी खाली जाते, पण शरीर फारसे वर जातच नाही. थोड्या वेळाने नळकांडी मात्र चांगली गरम होतात.

आता ट्रेडमिल. तिची हकीकत मोठी रंजक आहे. इंग्रजीत 'मिल' म्हणजे चक्की. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक प्रचंड लाकडी चाक बनवले. चाकाच्या परिघावर पायऱ्या होत्या. कैदी ओळीने उभे राहून त्या पायऱ्या चढत. पायरी त्यांच्या वजनाने खाली जाई, की लगेच पुढची. तासन् तास चढायचे आणि राहायचे तिथल्या तिथेच. काही तुरुंगांत या चाकाला खरोखरच धान्य दळण्याची चक्की जोडलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शिक्षा बंद झाली. आज तीच शिक्षा आपण पैसे मोजून घरी आणतो, हा काळाचा महिमा!

पण या चाकातच एका कोड्याचे उत्तर दडलेले आहे. ट्रेडमिलचा पट्टा पुढच्या बाजूने उचलून चढ दिला, तर त्यावर चालणारा माणूस खोलीतल्या जमिनीपासून वर जातो का? नाही. तासभर चालून तो तिथेच. मग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य झालेच नाही म्हणायचे का? घाम तर खऱ्या चढासारखाच येतो!

नीट पाहा. प्रत्येक पावलाला तुम्ही शरीर पट्ट्यावरच्या एका खालच्या बिंदूपासून वरच्या बिंदूकडे उचलता, आणि तेवढ्या वेळात पट्टा तुम्हाला तेवढेच खाली आणतो. उचलण्याचे काम स्नायूंनी केलेच. ती ऊर्जा गेली कोठे? तुमचे वजन पट्ट्याला उताराच्या दिशेने ढकलते आणि पट्टाही त्याच दिशेने सरकत असतो. म्हणजे तुम्ही पट्ट्यावर कार्य करता. विजेच्या मोटारीचा तेवढा भार हलका होतो. कैद्याच्या पायांनी धान्य दळले जाई, तुमच्या पायांनी थोडी वीज वाचते, इतकाच फरक. म्हणून चढ दिलेली ट्रेडमिल हा चढाचा खरा सराव आहे. शंभराला दहा असा चढ आणि ताशी ५ किलोमीटर वेग ठेवला, तर तासाला ५०० मीटर चढ होतो. आपल्या ५५ किलोंसाठी हे सुमारे ७५ वॅट, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट! उलट पट्टा सपाट असेल, तर कितीही चाला, चढाचे कार्य शून्य. म्हणून ट्रेडमिल घ्यायचीच असेल तर तिच्यावर दिवे किती लुकलुकतात हे न पाहता तिला चढ किती देता येतो ते आधी विचारावे. शिवाय चालताना पुढचा दांडा धरून लोंबकळू नये. हातांनी तोललेले वजन पायांच्या हिशेबातून वजा होते.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठरले तर मग, चढाची ट्रेडमिल. पण थांबा. माझे पाय चढताना नव्हे, उतरताना कापले होते.

शिखरावर पोचलात तेव्हा तुमच्या शरीरात ४३१ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा साठलेली असते. पायथ्याशी येईपर्यंत ती सगळी कोठे तरी जिरवली पाहिजे. नाहीतर तुम्ही घरंगळत खाली याल! ही ऊर्जा जिरवतात मुख्यतः मांडीचे स्नायू. उतरताना ते सायकलच्या ब्रेकसारखे काम करतात. कसे, ते हाताने अनुभवता येईल. पाण्याने भरलेला तांब्या हातात घेऊन कोपरातून हात वाकवा. दंडाचा स्नायू आखडला, आकुंचन पावला. आता तांब्या अगदी सावकाश खाली न्या आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपून पाहा. स्नायू लांबत आहे, तरीही ताठ आहे, ओढ धरून आहे. विहिरीत भरलेली कळशी सोडताना दोर हातातून हळूहळू सोडावा, तसे हे काम. दोर ओढणे वेगळे आणि घट्ट धरून सोडणे वेगळे.

हे 'धरून सोडणे' किती निराळे आहे हे १९५२ साली अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी एका फार सुरेख प्रयोगाने दाखवले. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे मारायचे; दुसऱ्याचे पायटे त्यामुळे उलटे फिरत, त्याने त्यांना विरोध करायचा. साखळी एकच, म्हणून दोघांचे बल सारखे आणि वेगही सारखा. तरी प्राणवायूचा खर्च मोजला तेव्हा पुढे मारणाऱ्याचा खर्च विरोध करणाऱ्याच्या कित्येक पट निघाला. अंगाने लहानखुरी स्त्री विरोध करायला बसली, तर समोरचा धिप्पाड पुरुष बघता बघता दमून जाई आणि ती मात्र आरामात असे.

म्हणजे उतरणे सोपेच की! हृदयाच्या दृष्टीने, होय. पण स्नायूच्या दृष्टीने पाहा. लांबणारा स्नायू थोड्याच तंतूंकडून मोठे बल काढून घेतो. म्हणून प्राणवायू कमी लागतो, आणि म्हणूनच त्या थोड्या तंतूंवर ताण जबर पडतो. सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजा होतात. बल घटते, पाय थरथरतात, आणि खरी दुखणी एक-दोन दिवसांनी वर येतात. यातला धोका ओळखा. चढताना दमलात तर धाप तुम्हाला थांबवते. उतरताना थांबवणारे कोणी नसते. श्वास शांत, म्हणून मुले उड्या मारीत उतरतात, आणि नेमक्या अवघड जागी गुडघा दगा देतो. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. परतीच्या वाटेवर 'दम लागला का?' असे विचारून काही कळत नाही. 'पाय कापतात का?' असे विचारावे.

दिलाशाची गोष्ट अशी की स्नायू हा धडा फार लवकर शिकतो. उतरण्याचा थोडासा सराव एकदा झाला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तो पहिल्यासारखा दुखत नाही. मात्र सराव उतरण्याचाच हवा. आणि आता दुकानातल्या त्या चार यंत्रांकडे पुन्हा बघा. सायकल खाली उतरवत नाही. वल्ही उतरवत नाहीत. चढाची ट्रेडमिल फक्त चढवते. जिमखान्यांत असतो तो फिरता जिनासुद्धा फक्त चढवतो, उतरण्याचे काम यंत्रच परस्पर करून टाकते! आपले वजन वर उचलायला आणि सावरून खाली सोडायला लावणारे साधन एकच, आणि ते त्या दुकानात नव्हते. ते म्हणजे पायरी.

पायरीची शास्त्रीय प्रतिष्ठाही कमी नाही. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हार्वर्ड विद्यापीठातल्या ब्रूहा या शास्त्रज्ञाने तरुण पुरुषांची क्षमता मोजण्यासाठी एक साधी चाचणी सुचवली. २० इंच उंचीच्या ठोकळ्यावर मिनिटाला ३० वेळा, असे ५ मिनिटे चढायचे-उतरायचे आणि नंतर नाडी मोजायची. ही उंची तुम्हाला फार होईल, ती करू नका. २० सेंटिमीटरपासून सुरुवात करा. सुताराकडून फळ्यांचे भक्कम खोके करून घ्या. ते भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. प्लॅस्टिकचे स्टूल अजिबात नको. पूजेचा चौरंगही नको. तो मजबूत असतो खरा, पण आजीचा ओरडा खावा लागेल.

चढताना पूर्ण पाऊल खोक्यावर टेकवा. उतरताना मनात एक-दोन-तीन म्हणत शरीर सावकाश खाली सोडा, धपकन् पाय टाकू नका. एक मिनिट उजव्या पायाने सुरुवात, एक मिनिट डाव्या पायाने. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर आहे असे समजा. खोलीत वारा नसतो आणि ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो हे आपण पाहिलेच, म्हणून पंखा चालू ठेवा. पहिले दोन आठवडे ओझे नको. पुढे पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या घाला. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाट्याची गरज नाही. दमा किंवा हृदयाचा काही त्रास असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रगती मोजायची असेल तर ब्रूहाचीच युक्ती सौम्य करून वापरू. मित्राला घड्याळ घेऊन बसवा. २० सेंटिमीटरच्या खोक्यावर मिनिटाला २४ वेळा, तीन मिनिटे चढा-उतरा. मग खुर्चीत बसा आणि बरोबर एक मिनिटाने मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. आकडा वहीत लिहा. दर रविवारी त्याच वेळी हेच करा. तुमचा आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून पाहू नका, त्याला अर्थ नाही. स्वतःच्या गेल्या रविवारच्या आकड्याशी ताडा. हृदयाची ताकद वाढली की श्रमानंतर नाडी लवकर खाली येते.

उंचीवरच्या विरळ हवेची तयारी मात्र यातल्या कशानेच होत नाही. कळसूबाईवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाच-षष्ठांश असतो. निरोगी मुलांना तो फारसा जाणवत नाही. हिमालयातल्या साडेतीन-चार हजार मीटरांची गोष्ट वेगळी. तिथे पाय कितीही तयार असले तरी हळूहळू चढत शरीराला वेळ द्यावाच लागतो.

मग त्या विद्यार्थिनीने काय केले? मी तिला एवढेच विचारले, "अगं, तू पाचव्या मजल्यावर राहतेस ना?" एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे तिचे दार जमिनीपासून १५ मीटरवर. कळसूबाई म्हणजे तिच्या घराच्या ५३ फेऱ्या आणि थोडे वर! सहलीच्या सहा आठवडे आधी तिने दिवसाआड चार फेऱ्यांपासून सुरुवात केली आणि हळूहळू दहांवर गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिला ओझे काढायला आणि फेऱ्या निम्म्या करायला सांगितले. यंत्र काही आले नाही. वडिलांनी दोघांसाठी चांगल्या तळव्याचे बूट घेतले आणि तेही तिच्याबरोबर जिना चढू लागले.

सहलीहून आल्यावर सोमवारी ती प्रयोगशाळेत आली ती जिना सरळ तोंडाने उतरून. शिड्यांवरून उतरताना मात्र सगळ्यांनी शिडीकडे तोंड केले होते, हेही तिने आवर्जून सांगितले. पण तिच्याजवळ एक नवा प्रश्न होता. वडिलांचा गुडघा उतरताना दुखतो, म्हणून ते जिन्याने चढतात आणि लिफ्टने खाली येतात. त्यांचे वजन ७० किलो. "म्हणजे दर फेरीला ७० गुणिले ९.८ गुणिले १५ ज्यूल. चढताना त्यांनी केलेले हे कार्य लिफ्टने उतरताना जाते कोठे, सर?"

आकडेमोड तिची बरोबर होती. उत्तर मी तिला दिले नाही, इमारतीच्या लिफ्टमन काकांना जाऊन भेट, लिफ्टच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोरावर काय बांधलेले असते ते विचार, एवढेच सांगितले. तुम्हीही विचारा आणि मग कैद्यांच्या चाकाचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.